पॅलेट आधी टेकवा, मग बांधा

बंद बॉडीची गाडी घेतली की नवा माणूस पहिल्याच आठवड्यात दोन रॅचेट बेल्ट (दांड्याने आवळायचे पट्टे) विकत आणतो आणि आता माल हलणार नाही अशी मनाशी खूणगाठ बांधतो. माल तरीही हलतो. कारण बेल्ट हे सगळ्यात शेवटचं काम आहे. त्याआधी माल किती वजनाचा, कुठे ठेवला, कशावर ठेवला आणि त्याच्या पुढे काय आहे हे ठरायला हवं. पॅलेटला, म्हणजे ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीवर माल रचतात तिला, सरकायला जागाच उरली नाही तर बेल्टला फारसं करण्यासारखं राहत नाही, आणि बेल्टला कमी काम असणं हीच चांगल्या लोडिंगची खूण.

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, थिवी, कोलवाळ इथल्या औद्योगिक वसाहतींतून माल उचलून कळंगुट-कांदोळीची हॉटेलं, म्हापशाची दुकानं किंवा काणकोणपर्यंतची गोदामं इथे पोचवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे. गाडी लहान, पॅलेट एक किंवा दोन, आणि उतरवायच्या जागी बहुतेक वेळा फोर्कलिफ्ट नाही, असा आपला मामला.

वजन

माल देणारा "सातआठशे किलो असेल" म्हणतो तेव्हा ऐकून सोडून द्या आणि स्वतः मोजा. एक लिटरच्या पाण्याच्या १२ बाटल्यांचं खोकं घ्या. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर एका थरात १५ खोकी बसली आणि पाच थर रचले, तर ७५ खोकी झाली. म्हणजे ९०० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचे ९०० किलो. वर बाटल्या, पुठ्ठा आणि लाकडी पॅलेटचे स्वतःचे वीस-पंचवीस किलो. सिमेंटचा हिशेब आणखी सोपा: ५० किलोची गोणी, २० गोण्यांचा टन. फरशी आणि टाइल दिसायला छोट्या, पण वजनाने सगळ्यांत फसव्या. खोक्यावर वजन छापलेलं असतं, ते वाचा.

मग गाडीचं आरसी बुक काढा. त्यात रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन दिलेलं असतं. समजा भरलेली २,९५० आणि रिकामी १,७००. फरक १,२५० किलो. पण हे सगळे मालाचे नाहीत. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. तुम्ही आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो, पॅलेट ट्रॉली (पॅलेट उचलून ढकलायची हातगाडी) सोबत नेत असाल तर तिचे ७०. राहिले १,०४०. म्हणजे पाण्याचं एक पॅलेट आरामात, दुसरं अजिबात नाही. चवथीच्या आधी आणि डिसेंबरात हॉटेलवाले "एकाच फेरीत आण रे" म्हणून मागे लागतात, तेव्हा हा आकडा पाठ असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९च्या दुरुस्तीपासून, जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, आणि उतरवण्याचा खर्चही आपलाच.

निघण्याआधी एक फोन

उतरवणार कसं? हा प्रश्न लोडिंगच्या आधी विचारायचा. फोर्कलिफ्टवाल्याने दोन मिनिटांत आत ठेवलेलं टनाचं पॅलेट हॉटेलच्या मागच्या बोळात हाताने बाहेर निघत नाही. तिथे दोन माणसं मिळणार असतील तर माल खोकी-खोकी उतरवायची तयारी ठेवा. बहुतेक ठिकाणी तोच शहाणा मार्ग आहे. मग लोडिंग करतानाच पॅलेट असं फिरवून ठेवा की स्ट्रेच फिल्म (मालाभोवती गुंडाळलेलं पातळ प्लॅस्टिक) कापल्यावर खोक्यांची तोंडं दाराकडे येतील.

आणि फळ्या लावून पॅलेट ट्रॉलीवरून खाली घ्यायचा विचार मनातही आणू नका. गाडीचा मजला ७० सेंटिमीटर उंच आणि फळी २.४ मीटर लांब धरली, तर उतार साधारण १७ अंशांचा होतो. त्या उतारावर ९०० किलोचा माल जवळजवळ २६० किलोच्या जोराने खाली ओढतो. साध्या हातट्रॉलीला ब्रेक नसतो. खाली उभा असलेला माणूस तो जोर अडवू शकत नाही, मग तो कितीही पैलवान असो.

आत घेताना

गाडी सपाट जागी लावा. सांगायला सोपं, पण आपल्याकडच्या वसाहती पुष्कळशा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वसलेल्या आणि आवारांना पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून उटी लावा. फोर्कलिफ्टने मागच्या कडेवर टन टेकवला की गाडीची मागची बाजू खाली बसते, पुढचं तोंड हलकं होतं आणि त्या धक्क्याने गाडी सरकू शकते.

दाराचं आणि चाकांवरच्या कमानींमधलं अंतर टेपने आधी मोजून ठेवलेलं असावं. १२०० बाय १००० चं पॅलेट कमानींमध्ये कोणत्या बाजूने बसतं हे फोर्कलिफ्ट हवेत असताना शोधायची गोष्ट नव्हे.

फोर्कलिफ्ट माल फक्त दाराशी ठेवू शकते. तिथून पुढे तो आपण न्यायचा. त्याच्या तीन रीती आहेत.

पहिली, पॅलेट ट्रॉली आत घेऊन. गाडीचा मजला तेवढा मजबूत हवा. ट्रॉलीच्या पुढच्या छोट्या चाकांवर सगळं वजन दोन-चार इंचांत एकवटतं, आणि जुन्या प्लायमधून ते चाक सरळ खाली जातं. पातळ मजल्यावर चांगला जाड प्लाय टाका. दांडा वापरायला मागे जागा लागते, म्हणून छोट्या गाडीत ही रीत जमेलच असं नाही. माल अगदी थोडाच वर उचला, तळ मजल्यापासून सुटला की पुरे. पूर्ण उचललेलं पॅलेट उंच आणि डगमगतं होतं.

दुसरी, लोखंडी पाइपांच्या तुकड्यांवरून. आपले जुने हमाल हेच करतात आणि नीट केलं तर चांगलं चालतं. पहारीने कड उचलायची, एकेक करून तीन-चार पाइप खाली सरकवायचे आणि मागून ढकलायचं. पॅलेटच्या तळाच्या पट्ट्या ढकलण्याच्या दिशेने असतील तर पाइप फिरतात. आडव्या असतील तर फटीत अडकतात, तेव्हा खाली प्लायचा तुकडा घाला. गाडी जराही उतारावर असेल तर पाइप वापरू नका.

तिसरी, फोर्कलिफ्टच्या दातांनी पुढे रेटून. हे सर्रास होतं. करायचंच असेल तर दात आणि पॅलेट यांच्या मध्ये चार इंची लाकडी ठोकळा आडवा धरा आणि तो पॅलेटच्या लाकडाला टेकवा, मालाला नाही. फोर्कलिफ्ट हळू चालवायला सांगा. दातांच्या टोकांचा मालाला धक्का बसला की आतलं खोकं फुटतं, आणि ते हॉटेलात उघडल्यावर समजतं.

तिन्ही रीतींत काही गोष्टी सारख्याच. ढकला, ओढू नका. पॅलेट आणि केबिनची भिंत यांच्यामध्ये कोणीही उभं राहणार नाही, एका क्षणासाठीही नाही. खाली हात घालायचा असेल तर आधी ठोकळा घाला. चपला घालून हे काम करू नये. गोव्यात कोणी ऐकत नाही, तरी सांगतो.

काही जण सरकायला सोपं जावं म्हणून मजल्यावर साबणाचं पाणी किंवा तेल मारतात. आत जाताना ज्याने मदत केली तेच पुढे ब्रेक मारल्यावर उलटतं. पॅलेट तुमच्यासाठी जितकं सहज सरकलं, तितकंच ते रस्त्यावरही सरकणार.

ठेवायचं कुठे

दाराशी सोडून देऊ नका. हा नुसता दार उघडताना माल अंगावर येण्याचा प्रश्न नाही, गाडीच्या तोलाचा आहे. समजा पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि ९०० किलोच्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्याही ६० सेंटिमीटर मागे पडला. तर पुढच्या चाकांवरचं १८० किलो वजन उचललं जातं आणि मागच्या एक्सलवर १,०८० किलो येतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ब्रेकही कमी धरतो. तेच पॅलेट एक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे ठेवलं तर पुढे १८० वाढतात आणि मागे ७२० राहतात. माल तोच, गाडी वेगळी वाटते. डावी-उजवी बाजूही सारखी हवी. पॅलेट एका कमानीला चिकटवून ठेवलं तर त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि वळणावर गाडी तिकडेच झुकते.

पायाखाली काय आहे

बहुतेक नवे लोक इथे घाई करतात, आणि खरा फायदा इथेच आहे.

युरोपात गाडीतल्या मालासाठी ईएन १२१९५-१ नावाचं मानक आहे. त्याचा हिशेब असा: जोराच्या ब्रेकला माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतो, वळणावर बाजूला ०.५ पट, मागेही ०.५ पट. म्हणजे आपलं ९०० किलोचं पॅलेट ब्रेकला ७२० किलोचा रेटा देतं. याच्या विरुद्ध पहिला उभा राहतो तो मजला. लाकडी पॅलेट आणि गुळगुळीत पत्रा यांच्यातलं घर्षण वजनाच्या साधारण ०.३ पट धरतात, प्लाय असेल तर ०.४५. प्लॅस्टिकचं पॅलेट पत्र्यावर असेल तर फक्त ०.१५. घर्षणासाठीच बनवलेला रबरी मॅट घातला तर ०.६.

आता बेल्टचा हिशेब करू. मालावरून आडवा टाकलेला बेल्ट माल स्वतः अडवत नाही, तो माल खाली दाबतो आणि घर्षण वाढवतो. पत्र्यावर लाकूड असेल तर मजला २७० किलो अडवतो, उरले ४५०. चांगल्या ५० मिलिमीटरच्या बेल्टने एका बाजूला ३५० किलोचा ताण दिला आणि दोन्ही बाजूंना तेवढाच धरला, तरी दाब ७००, आणि त्यातून मिळणारी पकड २१०. म्हणजे तीन बेल्ट हवेत. प्लॅस्टिकचं पॅलेट असेल तर तोच हिशेब सहा बेल्टवर जातो. आणि खाली रबर घातलं तर मजलाच ५४० अडवतो, उरतात १८०, एका बेल्टची पकड ४२०. एकच बेल्ट पुरतो. तरी दोन लावा, कारण एक तुटू शकतो.

सहा बेल्ट की रबराचे चार तुकडे, हे तुम्हीच ठरवा. मॅट पॅलेटच्या प्रत्येक पायाखाली यायला हवा आणि एवढा जाड हवा की वजनाने दबल्यावरही लाकूड पत्र्याला टेकणार नाही. तो आधी घालायचा असतो, म्हणून पाइपावरून किंवा ट्रॉलीवरून पॅलेट जागी आल्यावर, खाली उतरवण्यापूर्वी तो सरकवा.

हे सगळे आकडे झाडलेल्या मजल्याचे आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात बुटांबरोबर तांबडी माती आत येते, किनाऱ्यावर फेरी मारलेल्या गाडीत वाळू असते, आणि वाळूवरून पॅलेट गोळ्यांवर ठेवल्यासारखं जातं. गाडीत केरसुणी ठेवा. तेल सांडलेलं असेल तर पुसून कोरडं केल्याशिवाय माल घेऊ नका.

मोकळी जागा भरा

पुढच्या भिंतीला पॅलेट चिकटून टेकलं तर ब्रेकचा रेटा ती भिंत घेते. अट एकच, ती घेण्याजोगी असावी. ड्रायव्हरच्या मागची जाळी किंवा पातळ पत्रा खोकी आवरायला असतो, टनाचं पॅलेट नाही. भिंत कच्ची असेल तर जाड प्लाय उभा लावून जोर सगळ्या रुंदीवर पसरवा, आणि तरीही मुख्य भार रबर आणि बेल्टवर ठेवा.

मध्ये अंतर राहिलं तर ते भरा: रिकामं पॅलेट उभं, चार इंची लाकडं, काहीही कडक. पुठ्ठा किंवा गाद्या भरून उपयोग नाही, त्या दबतात. बाजूंनाही तेच. कमान आणि पॅलेट यांच्यातली फट ठोकळ्याने पक्की करा. मजला प्लायचा असेल तर ठोकळा खिळे मारून बसवता येतो.

पॅलेटवरचा माल पॅलेटलाच धरून आहे ना, हेही पाहा. स्ट्रेच फिल्म नुसती खोक्यांभोवती गुंडाळलेली असली तर ब्रेकला पॅलेट जागेवर राहतं आणि खोकी पुढे जातात. फिल्मचे शेवटचे काही वेढे पॅलेटच्या लाकडावरून यायला हवेत. आषाढात पुठ्ठा ओल धरतो आणि मऊ पडतो, तळाची खोकी दबून सगळा ढीग एका बाजूला कलतो. पावसात उघड्यावर ठेवलेलं पॅलेट असं दिसलं तर मी सरळ नको म्हणतो.

आता बेल्ट

बेल्टवर शिवलेली चिठ्ठी वाचा. निळी चिठ्ठी पॉलिस्टरची, आणि आपल्याला तीच हवी. त्यावर दोन आकडे असतात. एलसी म्हणजे सरळ ओढीत बेल्ट किती सुरक्षित सहन करतो. एसटीएफ म्हणजे हाताने रॅचेट आवळल्यावर त्यात प्रत्यक्ष किती ताण राहतो. दुकानदार पहिला मोठा आकडा दाखवतो. वरून दाबायच्या कामाला दुसरा लागतो. आकडे डेकान्यूटनमध्ये असतात. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलोचं ओझं. चिठ्ठीच नसलेला बेल्ट ताडपत्रीला वापरा.

हूक कुठे अडकवता हे तितकंच महत्त्वाचं. बॉडीच्या बाजूला ताडपत्रीच्या दोरीसाठी आकडे असतात, ते पत्र्यावर वेल्ड केलेले, आणि जोराचा झटका बसला तर वेल्डसकट निघून येतात. चेसिसला किंवा मजल्याच्या आडव्या चॅनेलला बोल्ट केलेली कडी हवी. गाडीत नसेल तर गाडीची बॉडी बांधणाऱ्या चांगल्या कारागिराकडून चार कोपऱ्यांत बसवून घ्या. एका दिवसाचं काम आहे.

बेल्ट मालावरून जितका उभा खाली उतरेल तितका चांगला दाबतो. मजल्याशी ४५ अंशांचा कोन झाला की दाब सत्तर टक्क्यांवर येतो, ३० अंशांना निम्मा. म्हणून कड्या पॅलेटच्या जवळ असाव्यात. बुटक्या मालाला हा बेल्ट तितकासा धरत नाही. तिथे पुढून फास लावा. पॅलेटच्या पुढच्या तोंडावर एक रिकामं पॅलेट उभं धरायचं, त्यावरून बेल्ट वेढून दोन्ही टोकं मागच्या कड्यांना तिरकी ओढायची. इथे बेल्ट माल थेट मागे धरतो, त्यामुळे पुढची भिंत कच्ची असलेल्या गाड्यांना ही रीत उत्तम.

रॅचेट लावताना बेल्ट आधी हाताने खेचून पूर्ण ढील काढा, मगच दांडा चालवा. रिळावर दोन-तीन वेढे पुरेत. जास्त झाले तर रॅचेट नीट बसत नाही. बेल्टला पीळ नको, गाठ तर कधीच नको. दांड्याला पाइप लावून ताणू नका. खोक्यांच्या कडांवर पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टिकचे कोपरे लावा, नाहीतर बेल्ट खोकं कापतो आणि कापल्यावर स्वतः सैल पडतो. शेवटी दांडा पूर्ण बंद. नायलॉनच्या दोरीवर भरवसा ठेवू नका, ओली झाली की ती ताणते. समुद्राच्या खाऱ्या हवेने रॅचेट गंजतात. त्यांना तेल द्या, पण बेल्टला तेल लागू देऊ नका. कडेला कापलेला बेल्ट फेकून द्या.

रस्त्यावर

पहिल्या पाच-दहा किलोमीटरमध्ये थांबून बेल्ट पुन्हा आवळायचे. माल बसतो, फिल्म दबते, बेल्ट ढिले पडतात. वेर्णाहून उत्तरेकडे येत असाल तर कुठ्ठाळीचा उतार आणि झुआरी पूल लागण्याआधीच हे उरका. काणकोणला जाताना करमल घाटाच्या आधी, मोलेहून वर जाताना अनमोड घाटाच्या आधी, साखळीहून केरीमार्गे जाताना चोर्ल्याच्या आधी पुन्हा एकदा.

घाटात वेगाचं गणित निर्दयी आहे. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरने गेलात तर माल आपल्या वजनाच्या ०.२४ पट बाजूला रेटतो. ताशी ४० ला ०.४२. दहाच्याच फरकाने रेटा पाऊणपट वाढला. पत्र्यावर लाकडाची पकड ०.३ असते हे आठवा, म्हणजे नुसत्या मजल्यावर ठेवलेलं पॅलेट कुठल्या वेगाला सरकेल ते कळेल. उतरताना खालच्या गिअरमध्ये राहा. गतिरोधकावर माल क्षणभर हलका होतो आणि तेवढ्या वेळात घर्षणही जातं. तिथे वेग कमी करूनच जायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

उतरवताना

दार उघडताना दाराच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहून एक पल्ला थोडा उघडा आणि आत डोकावा. माल कलला असेल तर बेल्ट सोडू नका; ज्या बाजूला कलला तिथे आधी आधार द्या किंवा वरची खोकी काढून घ्या. रॅचेट सोडताना चेहरा लांब ठेवा, ताण एकदम सुटतो.

परतीच्या फेरीत रिकामी पॅलेट आणि ट्रॉली तशीच टाकून निघू नका. पॅलेट एकावर एक रचून एक बेल्ट, आणि ट्रॉलीचे दात पॅलेटच्या फटीत घालून, खाली टेकवून, दांडा बेल्टने बांधून. सत्तर किलोचं लोखंड चाकांवर आहे आणि त्याच्या पुढे ड्रायव्हरची सीट आहे.